कानावर घातलेलं

केमीत मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
खाडीतून बर्फफोड्या जहाजाने पाडलेली वाट
रात्रीत पुन्हा सांधून जाते.
ताइमी बूट दाराशी काढून आत आली,
लोकरी मोजे, त्यातला एक उलटा.
वय अकरा. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही,
तीन आठवडे.
शाळेच्या नर्सची चिठ्ठी.

आधी कानांत पाहिलं. पडदे स्वच्छ,
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे.
मग हेडफोन, बटण, काचेपलीकडे ती.
रेघ आली साठ डेसिबलवर, सपाट,
कुंपणाच्या तारेसारखी.
पुन्हा घेतली, तर तार पंधराने वर.
बिघडलेला कान इतका लहरी नसतो.

बाहेर आल्यावर फाईल तोंडासमोर धरून
मी हळूच म्हणाले, तुझा एक मोजा उलटा आहे.
तिने खाली पाहिलं.
मग वर. माझ्याकडे नाही,
काचेतल्या स्वतःकडे.

पुढचं सांगायला थोडी लाज वाटते.
आमच्या धंद्यात एक युक्ती आहे.
कागदावर लिहून दिलं:
सूर ऐकू आला तर 'हो' म्हण, नाही आला तर 'नाही'.
मी सूर बारीक करत नेला.
चाळीस. 'नाही.'
तीस. 'नाही.'
वीस. 'नाही', जरा घाईने.
मग मी काहीच लावलं नाही. अर्धा मिनिट.
ती गप्प.
हीटरची घरघर, भिंतीवरचं घड्याळ.
मग दहा, सुईच्या टोकाएवढा.
'नाही.'

शेवटी कानात रबरी बोंडी बसवली.
धडधाकट कानाला टिचकी मारली
की तो आतून स्वतःचा बारीक नाद परत धाडतो,
मालकाला न विचारता.
तिचे दोन्ही कान उत्तर देत होते,
वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांसारखे.

खोटं बोलते ना? पिर्क्कोने दारातून विचारलं.
नाही, मी म्हणाले.
आणि मग लक्षात आलं,
माझंही 'नाही' किती नेमकं आलं ते.

आई-बाप बाहेर बाकावर. दोघं जन्मापासून बहिरे.
दुभाषी बाई ओउलूहून निघालेली, रस्ता निसरडा,
तासभर उशीर.
एरवी हे काम ताइमी करते.
आज ती दोन्ही हात
मांड्यांखाली दाबून बसली होती.

बाई आली, तेव्हा आईचे हात बोलले.
फेब्रुवारीत इस्पितळाचा फोन आला होता.
फोन घरात तीच घेते.
पलीकडचा म्हणाला, मोठ्या माणसाला दे.
ही म्हणाली, मीच आहे.
त्यालाही कुणाच्या तरी कानावर घालायचं होतं,
घातलं.
अर्वो चुलीशी बटाटे सोलत होता.
तिने त्याचा खांदा हलवला, तो वळला,
आणि तिने त्याला सगळं हातांनी सांगितलं.
स्वादुपिंडाची खूण तिला येत नव्हती.
बोटांनी एकेक अक्षर काढावं लागलं.
फिनिशमध्ये पाच अक्षरं. फार नाहीत.

अहवालात 'कारण' नावाची चौकट असते, दोन बोटं रुंद.
मी लिहिलं: कान निर्दोष.
लिहिलं: ढोंग नव्हे. हे दोनदा गिरवलं,
पुढचा वाचणारा घाईत असेल म्हणून.
चौकटीबाहेर, समासात:
यापुढे फोन मुलीने घ्यायचा नाही.
हा काही उपचार नव्हे, ठाऊक आहे.
मानसतज्ज्ञांची तारीख मिळाली सतरा एप्रिल.
तोवर तिला ओरडून हाका मारू नका,
परीक्षा घेऊ नका, पाठीमागून टाळ्या वाजवू नका,
असं मी सांगितलं,
आणि बाईच्या हातांत ते
माझ्या तोंडात होतं त्याहून मवाळ दिसलं.

निघताना अर्वो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.
उलटा मोजा काढला, सुलटा केला, घातला.
मग हातांनी काहीतरी म्हणाला. तीन खुणा,
तिसरी छातीपाशी.

बाई कामात पक्की होती, खिशाचं बटण लागलं तरी
भाषांतर करणारी.
हे तिने केलं नाही.
ताइमीने मांड्यांखालून एक हात बाहेर काढला.
एकच.